लोअर आर्मचे पॉली बुश: घट्ट कुठे, सैल कुठे

लोअर आर्मला, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याला, पॉलीयुरेथेनचे (रबरासारख्या पण कडक प्लास्टिकचे, थोडक्यात पॉली) बुश, म्हणजे सांध्यातलं गोल अस्तर, घालून गाडी जॅकवरून उतरवली की पहिली तक्रार आवाजाची येते. स्पीड ब्रेकरवर हळू चढताना कुर्रर्र, ब्रेक दाबताना एक ठक्. मग ग्रीस कमी पडलं असेल म्हणून बुश पुन्हा काढायचे, ग्रीस थापायचं, परत आवळायचं, आणि दोन आठवड्यांनी तीच कुरकुर. ग्रीस कमी असू शकतं, नाही असं नाही. पण ग्रीस लावूनही आवाज परत येत असेल, तर माप चुकलेलं असतं आणि व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं कॅलिपर) हातात घेतल्याशिवाय ते सापडत नाही.

खालचं काम अशाच एका आर्मच्या जोडीचं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेला खांब), पत्र्याचा प्रेस केलेला एल आकाराचा आर्म, पुढचा बुश आडव्या १२ मि.मी. बोल्टवर आणि मागचा मोठा बुश उभ्या १४ मि.मी. बोल्टवर. नवे पॉली बुश बसवून जेमतेम हजार किलोमीटर झालेले. डावीकडे कुरकुर, आणि गाडीचा तो कोपरा उजव्यापेक्षा १२ मि.मी. उंच. उजवीकडे ब्रेक मारताना ठक्. दोन्ही बाजूंना एकाच पाकिटातले बुश, आणि दोन्हीकडचे दोष एकमेकांच्या बरोबर उलटे.

मूळ रबरी बुशमध्ये रबर हे आतल्या नळीला आणि बाहेरच्या पत्र्याच्या कवचाला कायमचं चिकटवलेलं असतं. आर्म वरखाली झाला की रबर पीळ खातं. तिथे काहीच घसरत नाही, त्यामुळे ग्रीसचा प्रश्नही येत नाही. पॉली बुशचं काम वेगळं. त्याचे दोन अर्धे भाग असतात, प्रत्येकाला एक कॉलर (बाहेरच्या टोकाची रुंद कड), आणि मधून जाणारी स्टीलची स्लीव्ह (नळी) सुटी. बुशने आर्मला धरून बसायचं, स्लीव्हने सबफ्रेमच्या (आर्म जिला जोडतात त्या चौकटीच्या) दोन कानांमध्ये, म्हणजे बोल्ट धरणाऱ्या दोन पत्र्यांमध्ये, घट्ट अडकून राहायचं, आणि आर्म हलला की बुशने स्लीव्हवर फिरायचं. थोडक्यात बाहेरून घट्ट, आतून सरकता आणि स्लीव्हची दोन टोकं कानांना पक्की चिकटलेली. या तिन्हींपैकी एक जरी बिघडलं तरी घसरण भलत्याच ठिकाणी सुरू होते.

खोलण्याआधी दोन गोष्टी केल्या. एक, पाण्याची बाटली घेऊन बुशवर पाणी ओतलं आणि बंपर दाबून गाडी हलवली. पाण्याने आवाज पूर्ण थांबला तर सरकणारा पृष्ठभाग नुसता कोरडा आहे असं समजायचं. अजिबात फरक पडला नाही तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाची बाजू जोडणारा गोल सांधा) किंवा स्ट्रटच्या वरच्या माउंटकडे जायचं. इथे डावीकडचा आवाज बदलला, पण थांबला नाही. म्हणजे बुशच, पण नुसता कोरडेपणा नव्हे. दोन, पांढऱ्या मार्करने बुशच्या कॉलरवरून आर्मच्या पत्र्यावर एक सरळ रेघ ओढली आणि गाडी पन्नासेक किलोमीटर चालवली. डावीकडची रेघ जशीच्या तशी. उजवीकडची तुटून दोन तुकडे जवळजवळ ४ मि.मी. बाजूला सरकलेले. म्हणजे उजवीकडे बुश आर्मच्या आतच गरगर फिरत होता.

मग गाडी स्टँडवर घेतली. जॅकच्या भरवशावर आर्मखाली हात घालू नये, हे लिहायची गरज नसावी, तरी लिहितो. अँटी-रोल बारची (दोन्ही बाजू जोडून गाडीचा कल रोखणाऱ्या सळईची) लिंक सोडवली, बॉल जॉइंट मोकळा केला. लिंक जोडलेली ठेवून आर्म हलवून पाहण्यात अर्थ नसतो, कारण बारच आर्मला धरून ठेवतो. डावा आर्म हाताने खाली दाबला आणि सोडला, तर तो उसळून परत वर आला. चांगला बसलेला पॉली आर्म असा उसळत नाही. तो दाबाल तिथे थांबतो किंवा स्वतःच्या वजनाने सावकाश खाली येतो. उसळला म्हणजे आत काहीतरी पीळ खातंय. गाडीचा कोपरा उंच का राहत होता, तेही इथेच कळलं: आर्म लोंबकळत असताना बोल्ट आवळले होते आणि जाम झालेला बुश स्प्रिंगच्या जोडीला आणखी एक स्प्रिंग होऊन बसला होता.

बोल्ट काढल्यावर आधी स्लीव्हची टोकं पाहिली. नीट आवळलेल्या स्लीव्हच्या टोकावर कानाचा मंद, खरखरीत ठसा उमटतो. डाव्या स्लीव्हच्या टोकांना आरशासारखी चकचकीत गोल कडी पडली होती आणि समोर कानाच्या पत्र्यावर तशीच दुसरी. स्लीव्ह बुशला घट्ट धरून होती आणि दोघं मिळून कानांमध्ये फिरत होते. मार्करची रेघ तुटली नाही ती त्यामुळे. नुसती रेघ पाहून डावी बाजू ठीक म्हटलं असतं तर फसलो असतो.

आता मापं. सुटा बुश बाहेरून ३८.२ मि.मी., त्याचं आतलं भोक १८.५. स्लीव्ह बाहेरून १८.० आणि लांबीला ५०.३. आर्मचा बोअर (बुश बसतो ते भोक) स्वच्छ असताना ३८.०. कागदावर हे उत्तम जमतं: बाहेरून ०.२ मि.मी. दाब, आत अर्धा मिलिमीटर मोकळं. बरेचजण इथेच चकतात. त्यांना वाटतं, आत एवढी जागा आहे तर स्लीव्ह कशी अडकेल?

पॉलीयुरेथेन दबत नाही. त्याचा आकार बदलतो, घनफळ जवळजवळ तेवढंच राहतं. बाहेरून आवळलं की तेवढाच माल आतल्या भोकाकडे किंवा कॉलरच्या दिशेने लांबीत सरकतो. आणि आतल्या वर्तुळाचा घेर बाहेरच्यापेक्षा लहान असल्यामुळे तिथे तोच माल जास्त जाडी घेतो. ३८.२ चा बुश ३८.० मध्ये बसवला आणि लांबीत वाढायला जागा नसली, तर १८.५ चं भोक हिशोबाने १८.१ च्या आसपास येतं. म्हणजे बाहेर ०.२ गेले की आत ०.४ जातात. आतला तो अर्धा मिलिमीटर यासाठीच ठेवलेला असतो. स्लीव्हला उरतो ग्रीसच्या पापुद्र्यापुरता ०.१.

डावा आर्म बुश घालण्याआधी पावडर कोटिंग करून आणलेला होता. दिसायला सुंदर. पण कोटिंगचा थर दर बाजूला साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे ०.१ मि.मी. असतो. बोअरच्या आतही तो बसलेला. व्यास दोन बाजूंनी कमी होतो, तेव्हा ३८.० चा बोअर ३७.८ झाला. आता तोच हिशोब पुन्हा करा: आतलं भोक १७.७ पर्यंत खाली येतं आणि त्यात १८.० ची स्लीव्ह घालायची. बसवणाऱ्याने ती बाकात (बेंच वाइसमध्ये) दाबून घातली होती. ग्रीस अर्थातच स्लीव्हच्या पुढे ढकललं जाऊन दुसऱ्या टोकाला गोळा झालं होतं. त्याचा पांढरट गोळा बोल्टच्या देठावर तसाच सापडला, आणि स्लीव्ह मात्र मधोमध कोरडी ठणठणीत.

आणि एवढ्यावर थांबलं नाही. आत मावत नसलेला काही माल लांबीकडे गेला, शिवाय बोअरच्या दोन्ही तोंडांवर कोटिंगचे ०.१, ०.१ होतेच. दोन कॉलरमधलं बाहेरून बाहेर अंतर ५०.० हवं होतं, ते भरलं ५०.५. स्लीव्ह ५०.३. स्लीव्ह कॉलरपेक्षा थोडी पुढे असायला हवी, ती ०.२ आत बुडाली. मग बोल्ट आवळताना सबफ्रेमचे कान आधी पॉलीच्या कॉलरवर टेकतात. टॉर्क पाना नेमलेल्या आकड्यावर टक् करतो, आपण समाधानाने पुढच्या बोल्टकडे जातो, पण त्यातला बराच जोर कॉलर चेपण्यात गेलेला असतो. पॉली हळूहळू बसतं आणि बोल्टचा ताण उतरतो. पाना खरं बोलला, तरी जोड सैलच राहिला.

दुरुस्ती सोपी, पण वेळखाऊ. बोअरमधलं आणि दोन्ही तोंडांवरचं कोटिंग आधी धारदार पात्याने खरवडलं. मग चिरलेल्या सळईत ८० नंबरचा एमरी अडकवून ड्रिल हळू चालवत आतून साफ केलं. दर थोड्या वेळाने तीन दिशांना आणि दोन्ही तोंडांपासून माप घेतलं. उघडं स्टील दिसलं आणि ३८.० आलं की थांबायचं. बोअर मोठा झाला तर परत लहान होत नाही. तोंडाच्या आतल्या कडेला कानशीने अर्धा मिलिमीटरचा उतार दिला. ही कडा धारदार ठेवली तर बुश आत जाताना त्याची साल निघते. गाजर किसल्यासारखी बारीक, वळलेली फीत कॉलरच्या खाली जाऊन बसते आणि कॉलर एका बाजूने उचललेली राहते. डाव्या बुशखाली अशी जवळपास ३ सें.मी.ची फीत निघाली. तो बुश बाद केला. साल निघालेला बुश बाहेरून कधीच सारखी पकड घेत नाही.

नवा बुश घालताना बाहेरून साबणाचं पाणी लावलं, ग्रीस नाही. इथे मतभेद आहेत. काही उत्पादक बाहेरूनही ग्रीस लावा म्हणतात, आणि तसं पत्रकात लिहिलेलं असेल तर तेच करावं. लिहिलेलं नसेल तर साबणाचं पाणी बरं: बुश बसेपर्यंत निसटतं आणि वाळल्यावर पकड सोडत नाही. दोन्ही अर्धे बाकाच्या जबड्यात समोरासमोर धरून दाबले. हातोडी नको. जबड्यांना लाकडी पट्ट्या लावायच्या, म्हणजे कॉलरवर व्रण उठत नाहीत. बसताना फारच त्रास झाला तर बुश तासभर फ्रीजरमध्ये ठेवतात. ४० मि.मी.च्या बुशचं तापमान ४० अंशांनी उतरलं तर तो पाव मिलिमीटरच्या आसपास आकसतो. पण एवढी मदत लागत असेल तर आधी बोअर पुन्हा मोजावा. फ्रीजरमधून जो बुश सुखाने आत जातो, तोच गरम झाल्यावर स्लीव्हचा गळा धरतो.

बुश बसल्यावर स्लीव्ह घालण्याआधी आतलं भोक मोजलं: १८.१ ते १८.१५. स्लीव्हवर सगळीकडून ग्रीस, बुशच्या आतल्या खाचांत ग्रीस, आणि कॉलरच्या बाहेरच्या चेहऱ्यावरही, कारण तो कानाला घासतो. हा चेहरा कोरडा राहिल्यामुळे होणारी कुरकुर सर्वाधिक दुर्लक्षित. ग्रीस बुशसोबत आलेलंच वापरावं. ते सहसा सिलिकॉनचं, चिकट, पाण्याने न धुतलं जाणारं असतं. चाकाच्या बेअरिंगचं लिथियम ग्रीस चार पावसांत वाहून जातं, आणि शेजारी रबरी बुश किंवा बूट असेल तर खनिज तेलाचं ग्रीस त्या रबराला फुगवतं.

स्लीव्ह अंगठ्याच्या जोराने अर्धी आणि बाकाच्या हलक्या दाबाने पूर्ण गेली. मग फिरवून पाहण्याची युक्ती: स्लीव्हमधून बोल्ट घालायचा, दोन्ही टोकांना स्लीव्हवरच टेकणारे लहान वॉशर लावून नट आवळायचा आणि आर्म बाकात धरून बोल्टचं डोकं पान्याने फिरवायचं. वॉशर कॉलरला लागता कामा नये, नाहीतर चाचणी खोटी. पाना एकसारखा, दाट मधात चमचा फिरवल्यासारखा फिरला पाहिजे. थांबून, मग झटका देऊन सुटत असेल तर आत अजून जागा कमी आहे. हेच अडखळणं गाडीखाली कुरकुर म्हणून ऐकू येतं. कॉलर ते कॉलर आता ५०.१ भरलं, म्हणजे स्लीव्ह एकूण ०.२ पुढे. ०.२ ते ०.५ आम्ही चांगलं धरतो. कॉलर जास्त उंच असती तर काचेवर १२० नंबरचा एमरी पसरून कॉलरचा चेहरा आठाच्या आकारात घासून उतरवला असता. स्लीव्ह आत बुडाली म्हणून मधे वॉशर सारणं मात्र टाळावं. साधा मऊ वॉशर दोन महिन्यांत बशीसारखा वाकतो.

सबफ्रेमच्या कानांचं अंतर मोजायचं राहून जातं. जुना बुश वितळल्यासारखा झालेला असताना कोणी बोल्ट जोर लावून आवळलेला असेल तर कान आत वाकतात. इथे डावीकडे ते ५०.३ च्या स्लीव्हला ४९.६ होते, म्हणजे आर्म हातोडीनेच आत घातला असणार. जाड आटेवाली सळई कानांमध्ये आडवी ठेवून दोन नट बाहेरच्या दिशेने फिरवले आणि कान ५०.८ पर्यंत उघडले. बोल्ट आवळताना ते अर्धा मिलिमीटर सहज मिटतात.

उजवीकडचं निदान लवकर झालं. बोअर एका दिशेने ३८.०, त्याच्या काटकोनात ३८.७. अंडाकृती. जुना रबरी बुश काढताना पत्र्याच्या दोन भिंतींमध्ये आधाराची नळी न ठेवता घणाने ठोकलेला. अशा बोअरमध्ये बुश दोन ठिकाणी धरतो आणि दोन ठिकाणी हवेत असतो. ब्रेक मारला की आर्म मागे जातो, बुश त्या मोकळ्या जागेत धावतो, तीच ती ठक्. पत्र्याची पट्टी गुंडाळणं, चिकटवणं, वेल्डिंगचे ठिपके टाकून बोअर लहान करणं, हे सगळे प्रकार लोक करतात. आमच्या मते ०.३ पर्यंतचा अंडाकृतीपणा लेथवर केलेला गोल ठोकळा आत घालून, बाहेरून बाकात दाबून सरळ करता येतो. त्याच्या पुढे आर्म बदलावा. बदली आर्म पेटीतून काढल्याबरोबर मोजला: ३८.०५. नकली आर्ममध्ये बोअर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असणं नवं नाही, आणि एकदा बुश घातला की दुकानदार परत घेत नाही.

जुना बुश काढण्याबद्दल एवढंच, की बाहेरचं पत्र्याचं कवच ठेवायचं की काढायचं हे आधी ठरवा. कवचाची जाडी साधारण दीड मिलिमीटर, म्हणजे ते आत असताना भोक ३५ च्या आसपास आणि काढल्यावर ३८. नवा बुश ३५.२ भरला तर कवच हवं, ३८.२ भरला तर नको. पत्रक हरवलं तरी व्हर्निअर सांगतो. कवच काढायचं असेल तर रबर ड्रिलने पोखरून नळी बाहेर घ्यायची, मग हॅक्सॉचं पातं आतून घालून कवच एका रेघेत चिरायचं आणि छिन्नीने आत वळवायचं. पातं आर्मच्या पत्र्याला लागण्याआधी थांबायचं. टॉर्चने रबर जाळणं लवकर होतं, पण धूर विषारी असतो, ॲल्युमिनियमचा आर्म उष्णतेने कमजोर होतो आणि द्रव भरलेला बुश फुटू शकतो. पॉलीयुरेथेन तर कधीच जाळू नये. त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतं.

उरला मागचा बुश. तो उभ्या बोल्टवर आहे, आणि आर्म वरखाली होताना तो बोल्टभोवती फिरत नाही, त्याच्यावर झुकतो. म्हणजे इथे स्लीव्हवर सरकून काम भागत नाही, बुशला खरोखर वाकावं लागतं. मूळ रबरी बुशमध्ये यासाठी आणि धक्का पुढेमागे झिरपावा म्हणून मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. पाकिटातला मागचा पॉली बुश शोअर ए ९५ चा होता (शोअर ए हे रबराच्या कडकपणाचं माप), जवळजवळ टणक प्लास्टिक. मापाने अगदी बरोबर बसलेला, तरी आर्म जाम. पुढचा बुश सुटसुटीत झाल्यावरही आर्म उसळत राहिला, तेव्हा दोष मागे आहे हे नक्की झालं. ८० चा बुश मागवून बसवला आणि आर्म सोडताच हळूहळू खाली आला. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत मागे मूळ रबरी बुशच ठेवावा असं आमचं मत आहे. ब्रेकखाली आर्म थोडा जास्त मागे जाईल, पण खड्ड्याचा धक्का थेट सबफ्रेममध्ये शिरणार नाही.

शेवटचं आवळणं चाकांवर वजन घेऊन केलं. चारही बुश पॉलीचे असतील तर तसं नाही केलं तरी चालतं, कारण स्लीव्ह सरकते. एक जरी रबरी असेल तर सक्तीचं, नाहीतर तो जन्मभर पिळलेला राहतो. टॉर्क त्या गाडीच्या मॅन्युअलमधला, आणि एकदा वापरलेले लॉक नट नवे. गाडी पुढेमागे ढकलून उंची मोजली: दोन्ही कोपऱ्यांत २ मि.मी.चा फरक. व्हील अलाइनमेंट त्यानंतर, आधी नाही. उजवा आर्म नवा असल्याने टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) सरकलेला होताच. मार्करच्या नव्या रेघा ओढून ठेवल्या. पाचशे किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासला, तर डावा पुढचा बोल्ट पाना लावल्यावर थोडा फिरला, बाकीचे हलले नाहीत. रेघा चारही जागच्या जागी होत्या.